दंडावरचा शुगर सेन्सर: लावायचा कसा, वाचायचा कसा आणि बोट कधी टोचायचं

आधी घड्याळाचा प्रश्न मिटवू. बोट न टोचता, नुसतं मनगटावर बांधून शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. त्या घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला, की त्वचेला न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

यामागचं कारण कळलं की जाहिरातींचा मोह आपोआप सुटतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० म्हणजे दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा ग्लुकोज. कातडी, चरबी, पाणी, हिमोग्लोबिन हे सगळं ओलांडून त्या चमचाभर ग्लुकोजमधला थोडासा चढउतार प्रकाशाने पकडायचा असतो. त्यात घाम, हवेतला गारवा, पट्टा किती घट्ट बांधलाय, यानेच त्याहून मोठा फरक पडतो. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा नाडी मोजतो. त्यावरून शुगरचा जो आकडा दाखवतात तो बहुतेक अंदाज असतो.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २००१ साली अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला मान्यता मिळाली होती. ते अगदी सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून घ्यायचं. त्वचा लाल व्हायची, खाजायची, घाम आला की आकडा गाळला जायचा. शेवटी ते बाजारातून गेलं. संशोधन आजही चालू आहे, पण संशोधनाच्या भरवशावर इन्सुलिन घेता येत नाही.

घरात असं घड्याळ आलंच असेल तर तीन दिवस पडताळा करा. सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर तासाभराने आणि संध्याकाळी जेवणाआधी बोट टोचून ग्लुकोमीटरचा आकडा लिहा, शेजारी घड्याळाचा लिहा. मीटरवर ७० असो की २६०, घड्याळ ११० ते १४० मध्येच घुटमळत असेल, तर ते काय करतंय हे तुमच्या लक्षात येईल. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. दंडावरच्या खऱ्या सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसत असेल तर त्यात गैर काही नाही. तिथे घड्याळ हा फक्त पडदा असतो.

सेन्सर नेमकं काय मोजतो

सीजीएम म्हणजे सतत शुगर मोजणारा सेन्सर. तो पूर्णपणे 'न टोचणारा' नाही. लावताना एकदाच सुई आत जाते आणि लगेच बाहेर येते. मागे राहतो तो केसासारखा मऊ तंतू. फ्रीस्टाइल लिब्रे या कंपनीच्या सेन्सरचा तंतू साधारण ५ मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतो. त्याच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा निघतो.

हा तंतू रक्तात नसतो. तो कातडीखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असतो. कालव्याला पाणी सोडलं की शेतातल्या पाटात पोचायला वेळ लागतो, तसंच इथे होतं. रक्तातली शुगर आधी बदलते, या द्रवातली सुमारे ५ ते १० मिनिटांनी. शुगर स्थिर असताना हा उशीर जाणवतही नाही. जेवणानंतर, चालताना किंवा शुगर झपाट्याने उतरत असताना मीटर आणि सेन्सर यांच्यात जो फरक दिसतो, त्यातला बराचसा याच उशिराचा असतो. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतात.

कोणाला लागतो

दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, टाइप १ मधुमेहाची (ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) मुलं, गरोदरपणात मधुमेह असलेल्या बायका, ज्यांची शुगर रात्री उतरते पण घाम, थरथर काहीच जाणवत नाही असे लोक, यांनी डॉक्टरांशी याबद्दल बोलायलाच हवं. नुसत्या गोळ्यांवर असलेल्याला तो बारा महिने लावायची गरज नसते. डॉक्टरांच्या भेटीआधी १४ दिवस एक सेन्सर लावला तरी पुष्कळ कळतं, आणि सेन्सरला काही हजार रुपये मोजावे लागतात हेही खरं.

आपल्याकडे आणखी एका गटाला याचा मोठा उपयोग आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेल असलेल्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी फसवी ठरते. अंगात रक्त कमी असेल तरीही तिचा आकडा भरवशाचा राहत नाही. अशा वेळी सेन्सरची सरासरी जास्त खरी. पण सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर सेन्सर निवडताना डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. डेक्सकॉमसारख्या काही सेन्सरवर या औषधामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, आणि शुगर उतरलेली असताना ती ठीक दिसणं फार धोक्याचं.

विकत घेताना

खोका उघडण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, तो कोणता प्रकार आहे. 'प्रो' लिहिलेला सेन्सर डॉक्टरांच्या यंत्रावर वाचायचा असतो, त्यातून रोजचा आकडा तुम्हाला दिसत नाही. दुसरी, तुमचा फोन. सेन्सरच्या अ‍ॅपला चालणाऱ्या फोनांची यादी कंपनी देते. फोनला टेकवून वाचायच्या सेन्सरसाठी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ टेकवून माहिती वाचायची सोय, हवीच. तिसरी, मुदत आणि साठवणीचं तापमान. खोक्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, वरची मर्यादा साधारण २५ ते ३० अंश. मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेला सेन्सर पहिल्या दिवसापासून भरकटू शकतो. उन्हाळ्यात शक्यतो जवळच्या औषधाच्या दुकानातूनच घ्या आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका.

लावताना

सकाळी आंघोळीनंतर लावा. तापायला, म्हणजे सुरू व्हायला, काही सेन्सरना तासभर लागतो, काहींना कमी-जास्त. शिवाय पहिला दिवस सेन्सरचा सगळ्यात कच्चा असतो, कारण टोचलेल्या जागी थोडी सूज असते. हा कच्चा दिवस आपण जागे असताना गेलेला बरा.

जागा दंडाच्या मागच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर, जिथे मांसल भाग आहे तिथे. तीळ, व्रण, इन्सुलिन टोचायची जागा टाळा. ज्या कुशीवर झोपता तो हात सोडून दुसरा निवडा. दाट केस असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने केलं तर बारीक ओरखडे येतात आणि त्यावर चिकटपट्टी आग करते.

साध्या साबणाने धुवा, मलईवाला साबण नको. त्या दिवशी हाताला खोबरेल किंवा लोशन लावू नका. तेलाचा पुसटसा थर असला तरी सेन्सर चौथ्या-पाचव्या दिवशी कडेने उचलायला लागतो. मग स्पिरिटच्या पट्टीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, निदान एक मिनिट. ओल्यावर लावला तर चुरचुरतं आणि चिकटतही नाही. फुंकर मारून वाळवू नका.

हात सैल सोडा, मूठ आवळू नका, कातडी चिमटीत धरू नका. अ‍ॅप्लिकेटर, म्हणजे सेन्सर टोचून बसवायचं खोक्यातलं साधन, सरळ टेकवा, एका दमात खट्ट आवाज येईपर्यंत दाबा, दोन क्षण तसाच धरा, मग सरळ मागे घ्या. इथे चूक होते ती अशी: लोक घाबरून हळूहळू दाबतात. मग सुई अर्धीच जाते, तंतू वाकतो आणि तासाभराने अ‍ॅप 'सेन्सर बदला' म्हणतं. लावल्यावर चिकटपट्टीच्या कडेवरून बोट गोल फिरवून अर्धा मिनिट दाबा.

रक्ताचा ठिपका आला तर घाबरू नका, वाहायचं थांबलं की सेन्सर चालतो. वाहतच राहिलं तर काढून टाका.

कोकणातल्या दमट हवेत किंवा उन्हात राबणाऱ्यांसाठी वरून लावायची जादा पट्टी मिळते. ती घेताना सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र झाकलं जाणार नाही याची खात्री करा. आणि सेन्सर पडायची खरी कारणं घरातलीच असतात: पोलक्याच्या घट्ट बाहीची कड बरोबर सेन्सरवर येते, बसच्या दाराला दंड घासतो, टॉवेलने खसाखसा पुसलं जातं. बाही थोडी सैल किंवा लांब शिवून घ्या. शर्ट घालताना सेन्सरचा हात आधी घाला, काढताना शेवटी काढा.

पहिल्या दिवशी पडताळा

लिब्रेसारख्या सेन्सरला रोज बोट टोचून जुळवून घ्यायची गरज नसते. तरी पहिल्या दिवशी दोन-तीनदा मीटरशी ताडून बघावं. आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना, जेवून दोन तास उलटल्यावर बघा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाने मोजली तर १३० ची शुगर सहज २५० दिसते, आणि बिचाऱ्या सेन्सरला बोल लागतो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा.

किती फरक चालतो? १०० च्या वर असेल तर साधारण २० टक्के, खाली असेल तर २० चा. म्हणजे मीटर १५० दाखवत असेल तर सेन्सरवर १२० ते १८० पर्यंत काहीही आलं तरी ते ठीक. लक्षात घ्या, घरचा ग्लुकोमीटरही थोडा इकडेतिकडे असतोच. १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक त्यालाही मानकात मान्य आहे. एका दिवसात तीनदा याच्या बाहेर गेलं तर कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. सेन्सरचा क्रमांक ते विचारतातच, म्हणून खोका १४ दिवस टाकू नका.

बाणाकडे आधी बघा

मीटर फक्त आकडा देतो. सेन्सर आकडा आणि दिशा देतो, आणि पैसे मोजलेत ते दिशेचे. लिब्रेवर आडवा बाण म्हणजे मिनिटाला १ पेक्षा कमी बदल, तिरपा म्हणजे १ ते २, सरळ वर किंवा खाली म्हणजे मिनिटाला २ हून जास्त. आता ११० आकडा घ्या. बाण आडवा असेल तर निश्चिंत राहा. बाण सरळ खाली असेल तर मिनिटाला २ प्रमाणे वीस मिनिटांत ७०. तुम्ही स्कूटरची किल्ली हातात घेतली असेल तर ती खाली ठेवा आणि आधी काहीतरी खा.

शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर घ्या: तीन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळी चालू असेल तर साधी साखर नीट चढणार नाही, कारण साखर फोडणारी आतड्यातली क्रियाच ती गोळी रोखते. अशांनी ग्लुकोज पावडरच घरात आणि खिशात ठेवायची. आपल्याकडे या गोळ्या पुष्कळांना असतात आणि ही गोष्ट घरच्यांना बहुधा कोणी सांगितलेली नसते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, पण ते बोट टोचून. सेन्सर उशिराने चढतो, तो अजून ६२ दाखवत असेल आणि रक्तात ९५ झालेली असेल. सेन्सरकडे बघत खात सुटलं की तासाभराने २८० होते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना.

उलट बाजूची चूकही तितकीच धोक्याची. जेवणानंतर २४० आणि वर बाण दिसला की काही जण इन्सुलिनचा जादा डोस घेतात, अर्ध्या तासाने अजून एक. जलद इन्सुलिनचा अंमल तीन ते पाच तास राहतो. एकावर एक चढलेले डोस रात्री अकराला एकदम खाली खेचतात. जादा डोस किती आणि किती तासांनी, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

लक्षणं एक सांगतात आणि सेन्सर दुसरं, असं झालं की बोट टोचा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असेल आणि पडद्यावर १२० असेल, तर शरीरावर विश्वास ठेवा.

आकडा कधी फसवतो

पहाटे तीनला अलार्म वाजतो, आकडा ५५, माणूस मात्र शांत झोपलेला. बघितलं तर तो सेन्सरच्या कुशीवर. दाबामुळे त्या जागचा द्रव हटतो आणि आकडा खोटा खाली जातो. आलेखात असा खड्डा उभ्या कडांचा असतो, धाडकन खाली आणि कूस बदलली की तसाच वर. खरी शुगर सहसा उताराने उतरते. तरी खात्री बोट टोचूनच करा, झोपेत खरी शुगर उतरलेलीही असू शकते.

लिब्रेच्या काही प्रकारांत दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटा वर दिसतो. चघळायची एक गोळी बहुधा ५०० चीच असते. सर्दी झाली म्हणून दिवसात दोन घेतल्या तर मर्यादा ओलांडली. काही कंपन्यांच्या सेन्सरवर पॅरासिटामॉलचाही असाच परिणाम होतो. आतलं पत्रक वाचा.

आलेखात भोकं पडत असतील तर दोष बहुतेकदा फोनचा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप मागे झोपवतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरीबचत बंद करा, ब्लूटूथ चालू ठेवा, 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये त्याला सूट द्या. टेकवून वाचायच्या लिब्रेमध्ये आठच तासांची साठवण असते. रात्री दहाला वाचला आणि सकाळी आठला वाचला तर मधले दोन तास कायमचे गेले. झोपण्याआधी आणि उठल्याबरोबर वाचा.

एमआरआय किंवा सीटी स्कॅन ठरला असेल तर तंत्रज्ञाला सेन्सर आहे हे सांगा. बऱ्याच पत्रकांत तो आधी काढायला सांगितलेलं असतं. शक्य असेल तर स्कॅननंतरच नवा लावा.

अलार्म पहिल्या आठवड्यात खाली ७० आणि वर २५० ठेवा. सुरुवातीलाच वरचा १८० ठेवला तर तो दिवसभर वाजतो, आणि चौथ्या दिवशी घरातलं कोणीतरी तो बंद करतं. त्यात खालचा अलार्मही बंद होतो.

चौदा दिवसांचा अहवाल

निदान ७० टक्के वेळ नोंद झालेली असेल तरच अहवालाला अर्थ आहे. बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे दिवसाचे सुमारे १७ तास. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी, म्हणजे पाव तासाहून कमी. म्हातारी किंवा आजारी माणसं असतील तर पहिला आकडा ५० टक्के पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून जास्त नको. टाइप १ असलेल्या गरोदर बाईसाठी पट्टाच वेगळा, ६३ ते १४०.

अहवाल वाचताना आधी खालचे खड्डे बघा, मग रात्र, मग जेवणानंतरचे डोंगर. बहुतेक जण डोंगरांपासून सुरू करतात. पण रात्रीची उतरण न सुटता जेवणानंतरचं औषध वाढवलं तर खड्डा अजून खोल होतो.

डोंगरांसाठी मात्र घरच्या घरी शोध घेता येतो. दोन दिवस सारखाच नाश्ता करा, एकच गोष्ट बदला. एक दिवस नुसते पोहे, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पोह्यांबरोबर वाटीभर मटकीची उसळ. खाण्याआधीचा, सगळ्यात वरचा आणि दोन तासांनंतरचा, असे तीनच आकडे लिहा. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचा आलेख जरूर बघा, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ स्टार्च. मग जेवणानंतर पंधरा मिनिटं चालून तोच प्रयोग पुन्हा करा. हे तीन आकड्यांचे कागद डॉक्टरांकडे नेले तर पाच मिनिटांच्या भेटीत कामाचं बोलणं होतं.

मुदत संपली की सेन्सर ओढून काढू नका. कडेला खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, पट्टी आपोआप सैल होते. जागा लाल होऊन पुरळ आलं असेल आणि दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं, तर ती चिकट द्रव्याची अ‍ॅलर्जी असू शकते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर. अ‍ॅप्लिकेटरमध्ये सुई असते, म्हणून तो झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात घालून, वर 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहून वेगळा द्या. कचरा वेचणाऱ्या माणसाचा हात त्या पिशवीत उघडा जातो.